शेवटच्या रांगेतली पेटी

सहा नंबरची पेटी डोंगराखाली गाडली गेली त्याला दोन वर्षं होत आली होती, तरी महाडच्या खोलीतला संगणक दर तासाला तिची हजेरी घेत असे. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही पेट्या तिकडून ओ देत. मग तो सहाला हाक मारी, सात सेकंद वाट बघे आणि सहाच्या चौकटीत एक आडवी रेघ ओढून गप्प होई. ते सात सेकंद श्रीपत हातातलं काम सोडून बसायचा. हाक बंद करणं त्याच्याच हातात होतं, एक ओळ पुसली की झालं असतं. संस्थेतल्या कुणी विचारलं तर तो म्हणे, "राहू दे. ती काय खायला मागते?"

श्रीपत मूळचा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या देवखोलचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याने बावीस वर्षं टाक्यांवरच्या मीटरांची देखभाल केली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीची माणसं दुसऱ्या फाटकांवर जाऊन उभी राहिली. श्रीपत मात्र भंगारात काढलेल्या हिरव्या लोखंडी पेट्यांपाशी घुटमळत राहिला. टाकीत किती माल आहे ते या पेट्या तारेवरून सांगायच्या. त्यांची भाषा इतकी जुनी, की ती समजणारा माणूस आता महाडात एकच उरला होता.

तळीयेचा डोंगर कोसळला त्यानंतर या भागातली माणसं पावसाळ्यात आकाशाकडे कमी आणि डोंगराकडे जास्त बघू लागली. एका संस्थेने देवखोलच्या वाड्यांवर पाऊस मोजायची नळकांडी बसवायचं ठरवलं. नवी यंत्रं महाग होती, म्हणून भंगारातल्या त्या पेट्याच घेतल्या आणि त्यांच्याबरोबर श्रीपतलाही. आयुष्यभर आम्लाच्या टाक्या मोजलेल्या पेट्या आता पाऊस मोजणार होत्या. श्रीपतला हे फार आवडलं होतं. बायकोला, सरिताला, तो म्हणाला होता, "निवृत्तीनंतर गावाला जातात माणसं. या पेट्यापण चालल्यात."

"तुमीपण बसा एखाद्या नळकांड्याखाली," ती म्हणाली होती.

देवखोल म्हणजे सहा वाड्या. ओढ्यालगत पाटीलवाडी, तिच्या जरा वर मधलीवाडी, मग कोंडवाडी, सुतारवाडी, तळवाडी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर डोंगराच्या कुशीत धनगरवाडा. शिमग्याला पालखी सहाणेच्या ओट्यावरून उठली की आधी कुणाच्या अंगणात जायची, कुणाचा नारळ पहिला, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. तो क्रम पुकारायचं काम श्रीपतच्या घराकडे. आधी वडील पुकारत, मग तो. धनगरवाड्यावर पालखी चढत नसे. वाट अवघड आहे, असं सांगत. तिथली माणसं शेवटी खाली येत, सहाणेच्या पायरीशी नारळ ठेवत, आणि श्रीपत धनगरवाड्याचं नाव घेई तोवर निम्मं गाव गुलाल झटकून उठलेलं असे. यात काही वावगं आहे असं कुणी म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. धनगरवाड्यातल्या कुणाला कधी विचारल्याचंही आठवत नव्हतं.

पेट्या बसल्या. वाड्यांवरच्या पेट्या शाळेतल्या राउटरला जोडल्या गेल्या आणि शाळेपासून महाडपर्यंत, टेकडीवरून टेकडीवर उड्या घेत जाणारा रेडिओचा दुवा तयार झाला. अडचण एकच होती. आजची यंत्रं निरोप पाठवतात तेव्हा त्यावर पत्ता असतो. राउटर पत्ता वाचतो आणि वाट दाखवतो. या पेट्यांच्या निरोपावर पत्ता नव्हता. पेटीचा नंबर आणि पावसाचा आकडा, एवढंच. तो आकडा कधी मोजला ती वेळसुद्धा नाही, कारण कारखान्यात पेटी आणि ती बघणारा माणूस एकाच छपराखाली असत. असा निरोप राउटरला वाचता येत नाही. तो न उघडता, आहे तसा उचलून पलीकडे ठेवायचा. पुण्याचे इंजिनिअर त्याला ब्रिज म्हणत. श्रीपत साकव म्हणे. ओढ्यावर दोन खोडं टाकून केलेला, एका वेळी एकच माणूस जाईल असा साकव.

आणि साकवाशी एकदम सहा जण आले तर आधी कुणाला सोडायचं, हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. त्यासाठी चार रांगा असतात, वरची, मधली, साधी आणि खालची. कुणाला कुठल्या रांगेत घालू, असं श्रीपतने फोनवर विचारलं. "तुमचं गाव तुम्हाला माहीत," इंजिनिअर म्हणाले. "ज्याचं आधी ऐकायला हवं त्याला वर घाला."

श्रीपतने शाळेच्या बाकावर बसून घातले. पाटीलवाडी वरच्या रांगेत. मधलीवाडी आणि कोंडवाडी मधल्या. सुतारवाडी, तळवाडी साध्या. धनगरवाडा खालच्या. पेट्यांचे नंबरही त्याच क्रमाने, एक ते सहा. पाच मिनिटांचं काम. विचार करावा लागला नाही, बोटांना ठाऊक होतं.

पाऊस आधी डोंगरावर पडतो हेही त्याला ठाऊक होतं. पण ते डोक्याला ठाऊक होतं.

दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या वर्षी, जुलैतल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला पाटीलवाडीच्या पेटीची वायर भिजली. आपला निरोप पोचला की नाही हे पेटीला कळेना, म्हणून ती तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवू लागली. महाडच्या पडद्यावर एकाच्या चौकटीत तेच येत राहिलं. अडतीस, अडतीस, अडतीस. तासाला चाळीस मिलिमीटरच्या वर गेलं की शाळेवरचा भोंगा वाजवायचा, असा नियम होता. अडतीस म्हणजे अजून दोन बाकी. श्रीपत त्या अडतीसकडेच बघत बसला. दोन-तीनचे निरोप मधल्या फटीतून सटकत होते, चार-पाचचे रखडत येत होते. सहाच्या चौकटीत आडवी रेघ होती.

बारा वाजायच्या आत त्याने धनगरवाड्यावर गोमाजीला फोन लावला. पेटी गोमाजीच्या अंगणात होती, आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम तो आणि त्याची बायको रंगूबाई करत.

"पेटी गप का रे गोमाजी?"

"पेटी हाय तशी हाय. पाऊस लय हाय. समोरचं झाड दिसत नाय."

"नळकांड्यात पाला अडकला असंल. पाणी आत गेलं नाय तर पेटी आकडा कुठनं देणार?"

"रंगूला सकाळीच सांगितलाय काढायला. ती गेली लावणीला. काढला का नाय कुनास ठाव."

"तू बग की जरा."

"बगतो. सदूबरोबर खालीच निघालो व्हतो भाकर घेऊन. त्याला म्हनतो हो पुढं, मी पेटी बगून येतो."

एवढंच बोलणं झालं. नंतर फोन लागला नाही. एक बावन्नला डोंगर सुटला. वाड्यावरची बरीच माणसं खालच्या खाचरांत लावणीला होती, म्हणून वाचली. गोमाजी, आणि त्याच्या शेजारचं एक म्हातारं जोडपं, अशी तीन माणसं गेली. महाडला फोन आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

श्रीपत उभाच होता. अडीच वाजता पाटीलवाडीची वायर एकदाची तुटली आणि अडतीस थांबलं. पडदा एक मिनिट शांत राहिला. मग सहाच्या चौकटीतली रेघ गेली.

तेहतीस. सदतीस. एकेचाळीस. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस.

एकामागून एक अकरा आकडे आले. शेवटचा एकोणसाठ. नंतर काही आलं नाही.

मातीखालून पेटी बोलत होती, असं त्या क्षणी श्रीपतला वाटलं, आणि त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. दुसऱ्या क्षणी त्याला समजलं. वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या रांगेतल्या कुणालाही सोडायचं नाही, असा त्या राउटरचा नियम होता. पाटीलवाडी थांबायला तयार नव्हती, आणि धनगरवाडा साकवाच्या तोंडाशी सव्वाअकरापासून उभा होता. पेटी दर पाव तासाने निरोप देत असे. अकरावा निरोप पावणेदोनचा, म्हणजे एकेचाळीसचा तिसरा पावणेबाराचा. भोंग्यासाठी चाळीस पुरे होतं. दोन तास मिळाले असते.

चौकशी झाली. पुण्याचे इंजिनिअर आले, दोन दिवस कागद बघत बसले. निरोपांवर मूळ वेळ नव्हती, महाडला पोचल्याची वेळ तेवढी होती, दोन एकतीस. पेटी गाडली गेल्यानंतरचे आकडे खरे असू शकत नाहीत, तुटक्या तारांचा तो गोंगाट, असं त्यांनी ठरवलं. मग त्याआधी पेटी गप्प का होती? त्यांनी श्रीपतला विचारलं. श्रीपतने गोमाजीच्या फोनचं सांगितलं. फक्त फोनचं. अहवालात एक ओळ आली, की सहाव्या केंद्राच्या नळकांड्यात पाला साचला असावा, घरातील व्यक्तीला सूचना असूनही सफाई झाली नव्हती.

ती ओळ देवखोलला पोचेपर्यंत तिच्यातलं 'असावा' गळून पडलं होतं. रंगूने पाला काढला नाय. नवऱ्याने सांगितलं, तरी काढला नाय.

हे सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा सदू होता, गोमाजीचा धाकटा भाऊ. वाचलेल्या घरांना खाली रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, एका ओळीत. रंगूबाईची खोली सदूच्या खोलीला लागून होती. मधे एक पत्रा. सदू तिच्याशी बोलत नसे. त्याच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मांडव रंगूबाईच्या दाराशी येऊन थांबला, आणि तिला हळदीला कुणी हाक मारली नाही.

हे सगळं श्रीपतला कळत होतं. देवखोलहून महाडला येणारा कुणी ना कुणी सांगून जाई. तो मान हलवी. सांगायचं तो रोज ठरवी. संस्थेला सांगू, मग वाटे, आधी रंगूवयनीला सांगायला हवं. वयनीला सांगायचं तर वर जायला हवं. वर जायचं तर कुठल्या तोंडाने. अशी रांग लागे, आणि शेवटचा कुणी पुढे सरकतच नसे. त्या वर्षीच्या शिमग्याला त्याने घसा बसल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षीही घसा बसला. आता त्याचा चुलतभाऊ पुकारतो.

आणखी एक होतं, जे त्याने सरितालाही सांगितलं नव्हतं. राउटर प्रत्येक रांगेतून किती निरोप गेले त्याचा आकडा ठेवतो. सहा नंबर गेल्यावर खालच्या रांगेत कुणीच उरलं नव्हतं. तरी पावसाच्या दिवशी तो आकडा एकाने वाढे. कधी दोनाने. भिजलेल्या तारांतून एखादा नंबर नसलेला निरोप येतो, कुठल्याच यादीत बसत नाही, म्हणून खाली पडतो, हे श्रीपत कुणालाही समजावून देऊ शकला असता. निरोप पकडून उघडून बघणंही शक्य होतं. त्याने कधी बघितला नाही.

जेवताना तो घास हातात धरून थांबायचा.

"भात गार झाला," सरिता म्हणे. "कुठं गेलावता?"

"इथंच हाय."

"इथं तर मी हाय. तुमी नव्हता."

या वर्षी मे महिन्यात संस्थेने नवी यंत्रं आणली. निरोपावर पत्ताही लिहिणारी आणि वेळही. ती बसवायला पुण्याहून श्रुतिका नावाची मुलगी आली. पंचविशीची, हसरी, शाळेच्या पायरीवर बसून आधी एक अख्खा फणस खाणारी. जुना राउटर काढण्यापूर्वी त्यात काय लिहिलंय ते ती वाचत होती. श्रीपत मागे उभा होता.

"काका, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"छान लिहिलंय. आजकाल कुणाला येत नाही हे." ती खाली खाली जात राहिली. "सहा नंबर शेवटच्या रांगेत का टाकला? तो तर सगळ्यात उंचावर होता ना? माझ्या हातात असतं तर मी त्यालाच वर घेतला असता."

"तसंच पडलं."

"आणि पाळी पण दिली नाहीये. प्रत्येकाला आळीपाळीने सोडता येतं की यात. हे म्हणजे वरचा थांबल्याशिवाय खालचा..." ती बोलता बोलता थांबली. तिने पडद्यावरून हात काढला. शाळेच्या अंगणात फणसाची टरफलं पडली होती, त्यांच्यावर कोंबड्या आल्या होत्या.

"अहवाल वाचलाय मी," ती शेवटी म्हणाली. "त्यात पाला लिहिलंय."

श्रीपत पडद्यावरचा सहाचा आकडा बघत राहिला.

"हे पुसून टाकायचं आहे आज. नवीन जोडलं की पुसायचं, तसंच सांगितलंय मला." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "पुसू का, काका?"

तिने एवढंच विचारलं. राग दाखवला नाही. श्रीपतला वाटलं, हिने 'हो' ऐकलं तर ही खरंच पुसेल, आणि मग या जगात ते ठाऊक असलेली आपण दोघंच राहू. त्यातली ही पुण्याला निघून जाईल.

"नको," तो म्हणाला. "एक प्रत काढ. तुझ्या साहेबांना दे. त्या दिवसाचे अकरा आकडे मी देतो, तेही जोड. वेळा कशा मोजायच्या ते लिहून देतो."

"नक्की?"

"हो. फक्त आज पाठवू नकोस. उद्या पाठव. आज मला एका ठिकाणी जायचंय."

पत्र्याच्या खोल्या शाळेपासून चालत वीस मिनिटांवर. ऊन टळटळीत होतं. श्रीपत गेला तेव्हा रंगूबाई दाराशी बसून फणसाच्या आठळ्यांना लाल मातीचा काला फासत होती. असं फासून वाळवल्या की त्या पावसाळाभर टिकतात. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"श्रीपतभावजी? वाट चुकलात काय?"

"नाय वयनी. तुमच्याकडंच आलो."

"बसा. मोरीत हंडा हाय, पानी घ्या. माझं हात असं."

तो पाणी न घेता बसला. त्याने सुरुवात राउटरपासून केली आणि ती त्यालाच कळेना. मग साकवाचं सांगितलं. एका वेळी एकच जण जाणार, आणि आधी कुणी जायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, आणि पाटीलवाडीची पेटी त्या दिवशी साकवावर ये-जा करत राहिली. तुमची पेटी अलीकडे उभी होती. तिच्याजवळ निरोप होता. रंगूबाई एकेक आठळी उचलून मातीत घोळवत होती, सुपात ठेवत होती.

"म्हंजे पेटी बोलत व्हती," ती म्हणाली.

"हो."

"पाला नव्हता."

"नव्हता. पाला असता तर आकडा असा चढत गेला नसता."

तिचा हात थांबला.

"मी काढला व्हता पाला," ती म्हणाली. "सकाळी. उंबराची दोन पानं व्हती. काढली, पदराला हात पुसला नि निघाले." ती जरा थांबली. "मागनं मलाच खरं वाटंना. सगळी म्हनतात नाय काढला. सदू म्हनतो, दादा फोनवर तसंच म्हनाला. मग मला वाटायला लागलं, ती दोन पानं आदल्या दिशीची असतील. त्या दिशी मी तशीच गेले असंन. रोज डोळं मिटून बगते. कवा पानं दिसतात, कवा नाय दिसत."

श्रीपतने मान खाली घातली. पायाशी एक आठळी पडली होती, ती त्याने उचलून सुपात ठेवली.

"हे तुमाला कवा कळलं?"

या प्रश्नाची तयारी तो वीस मिनिटं चालताना करत आला होता. कोरडं खरं सांगायचं, त्याने ठरवलं होतं. तरी वेळ लागला.

"त्याच दिशी. अडीच वाजता."

रंगूबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि सगळ्या खोल्यांचे पत्रे थरथरले. ती उठली, मोरीत गेली, हातांवर पाणी घेतलं. माती पुरी निघाली नव्हती, तरी तशीच बाहेर आली आणि शेजारच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत या दाराला तिने हाक घातली नव्हती.

"सदू. भायेर ये."

आतून काही आलं नाही.

"तुझ्या भावाची पेटी काय बोलत व्हती ते सांगायला मानूस आलाय. ये भायेर."

सदू बनियनवर बाहेर आला. पाठोपाठ त्याची बायको, मग पलीकडच्या खोल्यांतली माणसं. कुणी उभी राहिली, कुणी उंबऱ्यावर टेकली. रंगूबाई श्रीपतला म्हणाली, "सांगा. मला एकटीला सांगून काय? मला कुनी इचारीत नाय. यांना सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी आकडेही सांगितले आणि वेळाही. पावणेबाराला एकेचाळीस. बाराला चव्वेचाळीस. मागून एका म्हातारीने विचारलं, "पन आमाला शेवटी का टाकलास रे तू?"

इंजिनिअरांना हे सांगायचं झालं असतं तर त्याला पान-दोन पानं लागली असती.

"पुकारतो तसं टाकलं," तो म्हणाला.

म्हातारीने नुसती मान हलवली, तिला जे आधीपासून माहीत होतं तेच ऐकल्यासारखी. एकाने रस्त्याकडे तोंड करून थुंकलं. श्रीपतला वाटलं, आता कुणीतरी अंगावर येईल. यावं, असंही वाटलं.

सदू खाली बसला होता. तो जमिनीकडे बघून बोलला. "बाराला मी वर व्हतो. भाकर घेऊन दोगं निघालो व्हतो. दादाला फोन आला, तर म्हनाला, हो तू पुढं, मी पेटी बगून येतो. मी म्हनलं, बगायची काय ती पेटी, चल. तर नाय म्हनाला. मी उतरलो नि मागं वाटंवर पानी आलं, दादा वरच अडकला." त्याने नाक पुसलं. "मी लय बोललो वयनीला. म्हनलं हिनं पाला काढला असता तर दादा थांबला नसता."

रंगूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

सदूने मान वर केली. "फोन कुनाचा व्हता?"

सगळ्यांना माहीत होतं. अहवालात होतं, गावात होतं. पण आजवर तो फोन म्हणजे रंगूबाईच्या चुकीचा पुरावा होता. तो कुणी केला, का केला, याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. पेटी गप्प नसती तर फोन झाला नसता. श्रीपत इथे येताना रांगांचं सांगायचं ठरवून आला होता. या फोनपाशी त्याचं मन दोन वर्षांत एकदाही थांबलं नव्हतं. रोज त्याला वळसा घालून निघून गेलं होतं.

"माझा," तो म्हणाला. "मीच सांगितलं त्याला, बग म्हणून."

सदूची बायको तोंडाला पदर लावून आत गेली. बाकी कुणी हललं नाही. श्रीपतने उठायला हात टेकला तेव्हा रंगूबाई म्हणाली, "बसा."

"वयनी..."

"बसा भावजी. खालच्या वाडीची मानसं पाचला कामावरनं हितनंच जातात. त्यांनीपन मला बोल लावलाय. त्यांच्यापुढं सांगा. आन् उद्या पाटीलवाडीत जाऊन सांगा. मी येते संगती."

ती आपल्या दाराशी परत गेली, सूप ओढून घेतलं आणि उरलेल्या आठळ्या मातीत घोळवायला बसली. सदू उठला. वहिनीच्या समोर उभा राहिला, काहीतरी बोलावं तसं त्याचं तोंड उघडलं, मिटलं. मग तो उकिडवा बसला आणि सुपातली एक आठळी उचलून त्याने मातीत बुडवली. तिने त्याला अडवलं नाही, जागाही करून दिली नाही.

कुणीतरी पाण्याचा तांब्या श्रीपतपुढे आणून ठेवला. तीन वाजून गेले होते. पाचला अजून वेळ होता. श्रीपत उन्हात बसून राहिला आणि काय सांगायचं ते मनात पहिल्यापासून लावू लागला. या वेळी तो फोनपासून सुरुवात करणार होता.